मेल सर्व्हरचा बॅकअप रोज पुण्याला पाठवायचा आहे, लाईन पुरत नाही. काय करू?

सेमिनरीहिल्स | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची शिक्षणसंस्था नागपुरातली, चार शाळा आणि एक कॉलेज. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा, पोस्टफिक्स (मेल पाठवतं-घेतं) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळतं), १८० खाती, मेलडिर पद्धतीने, म्हणजे एक मेल एक फाइल अशी साठवलेली. प्रवेश, परीक्षा, विद्यापीठाशी पत्रव्यवहार, सगळं त्याच्यावर चालतं.

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या सर्व्हरच्या खोलीच्या दारापर्यंत पाणी आलं होतं. उंबरठा ओलांडला नाही, एवढंच नशीब. तेव्हा ठरलं की मेलची एक प्रत शहराबाहेर हवी. पुण्यात संस्थेचं छोटं ऑफिस आहे, तिथे एक मशीन ठेवलं.

सध्या दर शनिवारी रात्री ११ वाजता सगळ्या मेलची टार-जीझिप फाइल (एकच गठ्ठा, दाबलेला) बनते, तारखेचं नाव पडतं आणि आरसिंकने, म्हणजे एका मशीनवरच्या फाइली दुसऱ्यावर नेणाऱ्या प्रोग्रामने, ती पुण्याला जाते. मेल ४२० जीबी, दाबून ३१० जीबी. लाईन २० एमबीपीएसची. म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, तासाला ९ जीबी. हिशोबाने ३४ तास, सोमवारी सकाळी साडेनऊ. प्रत्यक्षात सोमवारची दुपार होते आणि अख्खं ऑफिस ‘नेट चालत नाही’ म्हणून माझ्या टेबलापाशी येतं. मधल्या दिवशी काहीच जात नाही. शुक्रवारी पाणी शिरलं तर आठवड्याची मेल गेली.

आरसिंक फक्त बदललेला भाग पाठवतं असं ऐकलं होतं. मग दर वेळी पूर्ण ३१० जीबी का जातं? लाईन ५० ची करून मागायची का? विश्वस्तांसमोर जाण्याआधी इथे विचारतोय.

---

तर्रीवाला | रात्री ९:५२

भाऊ, मी सांगून राहिलो, लाईन वाढवू नका. पैसे वाया जातीन. आधी ते टार-जीझिप बंद करा.

---

जुनी_शुक्रवारी | रात्री १०:२५

तर्रीवाला बरोबर बोलतोय, पण कारण समजून घ्या, नाहीतर पुढे दुसऱ्या रूपात हीच चूक होईल.

आरसिंक १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलं. कल्पना अशी की पलीकडे जुनी फाइल आहे, तिचे ठोकळे करायचे, प्रत्येक ठोकळ्याचा चेकसम (मजकुरावरून काढलेला छोटा आकडा) अलीकडे पाठवायचा. अलीकडचं मशीन नव्या फाइलवर एकेक बाइट सरकत ते ठोकळे शोधतं. सापडला तर ‘हा तुझ्याकडे आहे’ एवढंच कळवतं, नाही सापडला तर तेवढे बाइट पाठवतं.

तुमच्याकडे हे दोनदा मोडतंय. पहिलं, फाइलच्या नावात तारीख. पुण्यात त्या नावाची जुनी फाइल नाही, तर तुलना कशाशी करणार? दुसरं, जीझिप. मजकुरात एका जागी बदल झाला की तिथून पुढचा दाबलेला प्रवाह सगळा वेगळा येतो. वर्षभर कोणी हात न लावलेली मेलसुद्धा दाबल्यावर नव्यासारखी दिसते. आठवड्यात नवी मेल किती येते तुमच्याकडे?

---

सेमिनरीहिल्स | रात्री १०:४१

आत्ताच पाहिलं. रोज साधारण अडीच-तीन जीबी.

---

जुनी_शुक्रवारी | रात्री १०:४४

म्हणजे आठवड्याच्या २० जीबीसाठी ३१० जीबी पाठवताय.

---

बुटीबोरी_२४ | रात्री ११:१०

जीझिपला ‘आरसिंकेबल’ नावाचा पर्याय असतो, कोणी सुचवायच्या आधी सांगून ठेवतो. ठरावीक अंतराने दाबण्याची सुरुवात नव्याने करतो, त्यामुळे बदल पुढे फार पसरत नाही. फाइलचं नाव कायम ठेवून आमच्या कारखान्यात वर्षभर वापरला. लाईनवरचा भार कमी झाला, पण दर रात्री दोन्ही बाजूंना अख्खी फाइल डिस्कवरून वाचावी लागते. पलीकडे जुना नास बॉक्स (नेटवर्कवरची डिस्कची पेटी) होता, त्याला एवढं वाचायला पूर्ण रात्र लागायची. शेवटी सोडून दिलं. मेलडिर आहे ना तुमचं? एक मेल म्हणजे एक फाइल. तशीच पाठवा, गठ्ठा बांधूच नका.

---

फुटाळा_संध्याकाळ | रविवार, सकाळी ७:३०

मेलडिर तसंच पाठवा हा सल्ला योग्यच आहे. पण एक खाचखळगा आहे, आम्ही त्यात महिनाभर अडकलो होतो.

मेलडिरमध्ये मेलची स्थिती फाइलच्या नावात असते. नवी आलेली मेल ‘न्यू’ फोल्डरमध्ये येते, क्लायंटने (मेल वाचायच्या प्रोग्रामने) मेलबॉक्स उघडला की ‘कर’ (करंट) फोल्डरमध्ये जाते, आणि वाचली, उत्तर दिलं, झेंडा लावला की नावाच्या शेवटी अक्षरं जुळतात. आतला मजकूर तोच, नाव वेगळं. आरसिंक नावावरून ओळखतं, त्यामुळे त्याला ती नवी फाइल वाटते आणि जुनी पुसली गेलेली. आमच्या प्राचार्यांनी एकदा जुन्या मेलचं फोल्डरच्या फोल्डर ‘वाचलेलं’ म्हणून टाकलं, त्या रात्री १४ जीबी पुन्हा गेलं. नवीन मेल जेमतेम १ जीबी होती.

---

जुनी_शुक्रवारी | सकाळी ८:०५

ताई, हे महत्त्वाचं. माझ्याकडून भर: मेल एकदा लिहिली की आतून बदलत नाही, मग तुकड्या-तुकड्याची तुलना करायची गरजच काय? ‘होल-फाइल’ पर्याय लावा, सीपीयू वाचतो.

---

फुटाळा_संध्याकाळ | सकाळी ८:२०

नाही दादा, इथे तुमच्याशी सहमत नाही. नाव बदललेल्या मेलसाठी ‘फझी’ पर्याय आहे, तो पलीकडच्या त्याच फोल्डरात मिळतीजुळती फाइल शोधून तिच्याशी तुलना करतो. होल-फाइल लावलं की ती तुलनाच बंद. दोन्ही एकत्र लावून उपयोग नाही. शिवाय फझी वापरायचं तर पुसण्याचं काम शेवटी ठेवावं लागतं, नाहीतर जिच्याशी तुलना करायची तीच फाइल आधी उडालेली असते.

आणि ‘न्यू’मधून ‘कर’मध्ये गेलेल्या मेलला फझीही सापडत नाही, फोल्डरच वेगळं. तेवढा दुहेरी खर्च आम्ही सोसतो.

---

जुनी_शुक्रवारी | सकाळी ८:३१

मान्य. होल-फाइल फक्त दोन्ही प्रती एकाच इमारतीत असतील तेव्हा. माझी जुनी सवय बोलली.

---

रामटेकची_वाट | सकाळी ९:४८

एवढं सगळं कशाला? डव्हकॉटचं स्वतःचं डीसिंक आहे, दोन मशीनवरचे मेलबॉक्स सारखे ठेवणारं. त्याला मेलबॉक्स कळतो, यूआयडी (मेलबॉक्समधला मेलचा क्रमांक) कळतो, नाव बदललं तरी फक्त स्थिती बदलली हे त्याला समजतं. मी ते चालवतो. पलीकडचं मशीन काही मिनिटं मागे असतं, एवढंच.

---

मेडिकलचौक | सकाळी ९:५५

आमच्याकडच्या लिपिकाने ‘जागा भरली’ म्हणून तीन वर्षांचं फोल्डर उडवलं. काही मिनिटांत पलीकडच्या प्रतीतूनही उडालं. पलीकडे फक्त आजचं चित्र असतं भाऊ, कालचं नसतं.

---

रामटेकची_वाट | सकाळी १०:०२

माझ्याकडे त्याच्यावर रोजचा स्नॅपशॉट (त्या वेळची गोठवलेली प्रत) आहे, तो सांगायचा राहिला. तुमचं म्हणणं खरं आहे, स्नॅपशॉट नसता तर मी पण तिथेच असतो.

---

तर्रीवाला | सकाळी १०:१५

पोहे खाऊन आलो, धागा बम पुढे गेला. माझा प्रश्न. मेडिकलचौक भाऊ, तुमची बाहेरची प्रत २०२३ मध्ये कुठे होती? मागे तुम्ही काहीतरी सांगितलं होतं.

---

मेडिकलचौक | सकाळी ११:०५

विचारलंच आहे तर लिहितो. तेव्हा मी दुसरीकडे नोकरीला होतो. मुख्य सर्व्हर शंकरनगरकडे, प्रत सीताबर्डीला. कागदावर ‘ऑफ-साईट’, दोन वेगळ्या इमारती. त्या पहाटे काही तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीने दोन्ही काठ सोडले. मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. मी सकाळी सहाला गाडी काढली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, पुढे जायला वाटच नव्हती. शंकरनगरचं मशीन बुडालं. सीताबर्डीचं मशीन पण बुडालं. दोन इमारती होत्या, पण नदी एकच होती.

दुपारी पाणी उतरल्यावर चिखलातून डिस्क काढल्या. त्यातली एक वाचली म्हणून लोकांना मेल परत मिळाली, त्यात आमच्या नियोजनाचा काही वाटा नव्हता. त्या पुरात शहरात माणसं गेली, त्यापुढे मशीनचं दुःख सांगणं बरं वाटत नाही, म्हणून फार बोललो नाही कधी.

परदेशातही हेच झालंय. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण गेली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या काही जणांकडे काहीच उरलं नाही. सेमिनरीहिल्स, तुमचं पुणे योग्य आहे. ते बदलू नका.

---

सेमिनरीहिल्स | सकाळी ११:३०

मेडिकलचौक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. विश्वस्तांना हेच वाचून दाखवणार, तुमची हरकत नसेल तर.

---

मेडिकलचौक | सकाळी ११:३४

जरूर दाखवा.

---

बुटीबोरी_२४ | दुपारी १:१५

आता मूळ मुद्द्यावर. मी आरसिंक सोडून बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामवर आलो आणि तुम्हीही तेच करावं असं माझं ठाम मत आहे.

बोर्ग फाइलच्या मजकुराचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याची ओळख मजकुरावरून ठरते. तो तुकडा पलीकडे असेल तर पाठवत नाही. नाव बदललं, ‘न्यू’मधून ‘कर’मध्ये गेलं, काही फरक नाही. डिस्कवरून एकदा वाचेल, पण लाईनवर जाणार नाही. फुटाळाताईंचे १४ जीबी इथे काही एमबीत संपले असते. आणि रोजची प्रत वेगळी राहते, पंधरा दिवसांपूर्वीचा मेलबॉक्स हवा तर तोही मिळतो.

क्रम बघा. बोर्ग आधी तुकडे पाडतं, मग आधीचेच तुकडे गाळतं, मग उरलेलं दाबतं, शेवटी कुलूप लावतं, म्हणजे एन्क्रिप्ट करतं. सेमिनरीहिल्स, तुम्ही आधी दाबत होता आणि मग सारखेपणा शोधत होता. तिथेच सगळा घोळ. कोणी जीपीजीसारख्या प्रोग्रामने आधी एन्क्रिप्ट करून मग आरसिंक करत असेल तर त्याचंही हेच होणार.

---

फुटाळा_संध्याकाळ | दुपारी १:५०

बोर्गचा सारखेपणा मेलवर किती चालतो? परिपत्रक एकच, १८० जणांना गेलं, तर १८० वेळा साठतं का?

---

बुटीबोरी_२४ | दुपारी २:१०

आकारावर आहे. ८ एमबीची पीडीएफ मेलमध्ये बेस-६४ (साध्या अक्षरांत लिहिलेली) होऊन जाते, ३ बाइटचे ४ होतात, वर ओळी तोडल्याचे बाइट, म्हणजे साधारण ११ एमबी. १८० खात्यांत २ जीबीच्या जवळ. बोर्गचा तुकडा मूळ सेटिंगमध्ये सरासरी २ एमबीचा, किमान ५१२ केबीचा. प्रत्येकाच्या मेलचं डोकं (हेडर) वेगळं, कुणाला पोचली ते त्यात लिहिलेलं असतं, म्हणून पहिला तुकडा वेगळा निघतो. पुढचे सारखे, ते एकदाच साठतात. पण ५१२ केबीपेक्षा लहान मेल पूर्ण एकाच तुकड्यात बसते, तिचं डोकं वेगळं म्हणजे तुकडाच वेगळा. लहान मेलमध्ये फायदा नाही.

खरं तर परिपत्रक वेबसाईटवर ठेवून मेलमध्ये फक्त दुवा पाठवावा. बॅकअपच काय, सगळ्यांचीच जागा वाचते.

---

फुटाळा_संध्याकाळ | दुपारी २:४५

छान समजावलंत. काय वगळायचं ते आता मी लिहिते, कारण इथे चुका होतात.

मेलडिरमध्ये डव्हकॉटच्या ‘इंडेक्स’ नावाच्या फाइली, त्यातली कॅश विशेष, रोज बदलतात आणि पुन्हा आपोआप तयार होतात. त्या वगळा. पण ‘यूआयडीलिस्ट’, ‘कीवर्ड्स’ आणि ‘सबस्क्रिप्शन्स’ या फाइलींना हात लावू नका. यूआयडीलिस्ट हरवली तर परत आणलेली प्रत्येक मेल क्लायंटला नवी वाटते, १८० लॅपटॉप एकदम सगळी मेल पुन्हा उतरवायला लागतात.

आणि कुणाचं एमडीबॉक्स (एका फाइलीत अनेक मेल ठेवणारी पद्धत) असेल तर इंडेक्स वगळण्याचा सल्ला त्यांच्यासाठी नाही! तिथे वाचलं-न वाचलं हे फक्त इंडेक्समध्ये असतं. ते वगळलं तर ती माहिती गेली.

---

तर्रीवाला | दुपारी ३:०५

हे मी लिहून ठेवलं. माझ्याकडे एमडीबॉक्स आहे आणि मी इंडेक्स वगळून राहिलो होतो. ताई, तुमचे उपकार.

---

पुण्यातला_वैदर्भी | सायंकाळी ६:२०

पहिली प्रत कशी न्यायची याचं कुणीच बोललं नाही. ४२० जीबी दाबून ३०० च्या आसपास, २० च्या लाईनवर पुन्हा तेच दीड दिवस, आणि मधे तुटलं तर जास्त. नागपुरातच यूएसबी डिस्कवर बोर्गचा साठा तयार करा, एन्क्रिप्ट करूनच, आणि कुणाबरोबर पुण्याला पाठवा. गरीबरथने आज निघालेली डिस्क उद्या सकाळी पुण्यात. पुढचं रोजचं लाईनवर.

उलट दिशेलाही हाच विचार करा. सर्व्हर गेला तर पुण्याहून सगळी मेल लाईनवर आणायला तोच दीड दिवस. म्हणून पुण्यातही एक रिकामी डिस्क कपाटात ठेवा, आणि नागपुरात पहिल्या मजल्यावर अजून एक जवळची प्रत. लहानसहान ‘माझी मेल उडाली’ तिथूनच भागतं.

---

जुनी_शुक्रवारी | सायंकाळी ७:१५

दोन गोष्टी. नागपूरच्या मशीनला पुण्यातल्या साठ्यावर पुसण्याची मुभा देऊ नका. रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस) शिरलं तर ते बॅकअपकडेच आधी वळतं. नागपूरचं मशीन ज्या एसएसएच किल्लीने पुण्यात शिरतं, तिला पुण्यात ‘अपेंड-ओन्ली’ (फक्त भर घालता येईल असं) बांधून ठेवा. जुन्या प्रती छाटायचं काम पुण्यातूनच, आणि छाटण्याआधी प्रतींची यादी बघून. काही संशयास्पद पुसलेलं असेल तर छाटल्यावर ते कायमचं जाईल.

दुसरं, बॅकअप फसला तर कळणार कसं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचे डम्प (डेटाबेसच्या प्रती) शोधायला गेले तर एकही नव्हता, ते घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने तो रोज फसत होता. फसल्याची मेल जात होती, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याची आहे का ते तपासणाऱ्या) नियमात बसत नसल्याने नाकारली जात होती. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट होता म्हणून सहा तासांचाच डेटा गेला. मेल सर्व्हरच्या बॅकअपची खबर त्याच मेल सर्व्हरवरून पाठवू नका. एसएमएस, दुसरी सेवा, काहीही. आणि ‘फसला’ची खबर पुरत नाही, रोज ‘झाला’ची खबर यायला हवी. नाही आली तर फोन करायचा.

---

मेडिकलचौक | रात्री ८:००

मेलचे लॉग पण घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस, भारतातच, ठेवायला सांगितलेत. दाबल्यावर जागा फार लागत नाही.

---

फुटाळा_संध्याकाळ | रात्री ८:१०

बोर्गची पासफ्रेज कुठे ठेवणार आहात? स्क्रिप्टमध्ये असते तशी फक्त त्याच सर्व्हरवर असेल, तर पुरात सर्व्हरबरोबर तीही जाईल आणि पुण्याचा साठा कुलूपबंद राहील. बोर्गमध्ये किल्ली कागदावर छापायची सोय आहे. छापा, पासफ्रेज हाताने वेगळ्या कागदावर लिहा, दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा.

---

सेमिनरीहिल्स | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:३०

धागा वर आणतोय. सगळ्यांना हिशोब द्यायचा राहिला होता.

लाईन २० चीच ठेवली. बोर्गचा साठा डिस्कवर करायला अख्खी रात्र आणि सकाळ लागली, लहान फाइली लाखोंनी आहेत म्हणून. आमचे लेखापाल पुण्याला लग्नाला जाणार होते, डिस्क त्यांच्या पिशवीत गेली. त्यांना खालचा बर्थ मिळाला, डिस्क उशाशी. पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या लेकीच्या आधी मला फोन केला.

आता रोज रात्री १ वाजता चालतं. लाईनवर ३ ते ४ जीबी जातं, फाइलींची यादी वाचण्यासकट तासाभरात आटोपतं. सोमवारी सकाळी माझ्या टेबलापाशी कोणी नव्हतं. ‘झाला’चा एसएमएस माझ्याकडे आणि पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमकडे, दोघांकडे येतो. किल्लीचा कागद संस्थेच्या सचिवांकडे, पासफ्रेज बँकेच्या लॉकरमध्ये.

मागच्या रविवारी परत आणण्याची तालीम केली. एका शिक्षिकेचा मेलबॉक्स, त्यांच्या परवानगीने, वेगळ्या मशीनवर. मेल सगळी आली, पण त्यांनी फोल्डरना दिलेल्या मराठी नावांच्या जागी विचित्र अक्षरं दिसत होती.

---

फुटाळा_संध्याकाळ | दुपारी १२:५०

ती बिघडलेली नाहीत! मेलडिरमध्ये फोल्डरची नावं आयमॅपच्या (क्लायंट ज्या भाषेत सर्व्हरशी बोलतो तिच्या) जुन्या पद्धतीने, सुधारित यूटीएफ-७ मध्ये लिहिलेली असतात. डिस्कवर ती तशीच दिसणार. क्लायंट जोडून बघितलंत का?

---

सेमिनरीहिल्स | दुपारी २:१५

आत्ता जोडून पाहिलं. ‘दहावी निकाल’, ‘पालकसभा’, ‘सहल रामटेक’, सगळी जागेवर आहेत. शिक्षिकांना फोन केला, त्यांनी ‘सहल रामटेक’मधला २०१९ चा एक फोटो मागितला. पाठवला.